बैलाला पाणी, पोरीला चिंच

माझी मावसबहीण बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत सारखी थुंकत होती. हातात प्लास्टिकचा ग्लास, गालात चिंचेचा गोळा. समोरच्या बाकावरचे बाबा बराच वेळ बघत राहिले आणि शेवटी मला म्हणाले, "बिमार हाये काय वं पोट्टी?"

"नाही बाबा, खेळाडू आहे."

"अरे बाप्पा," म्हणत ते खिडकीकडं सरकले.

ती तेरा वर्षांची. वलगावची. तिच्या घरी पालक, मेथी आणि झेंडू होतो, आणि घरात कुस्ती खेळणारी ती पहिलीच. तिचा गट बेचाळीस किलोचा आणि आदल्या दिवशी काट्यावर ती भरली साडेबेचाळीस. एवढाच गुन्हा. त्याची शिक्षा म्हणून आदल्या दुपारपासून पाणी बंद, जेवण बंद, अंगात दोन स्वेटर आणि त्यावर भावाचा रेनकोट. चिंच चघळली की तोंडाला पाणी सुटतं. ते गिळायचं नाही, थुंकायचं. थेंब थेंब करत पोरगी हलकी होते, असं सरांचं शास्त्र.

सर म्हणजे तिचे कुस्तीचे मास्तर. पलीकडच्या बाकावर बसून ते पोहे खात होते.

मी अमरावतीत एका छोट्या संघटनेत काम करते. पत्रकं लिहिते, वाटते, आणि लोकांनी ती न वाचता घडी घालून खिशात ठेवली की चिडते. त्या दिवशीही माझ्या पिशवीत पत्रकांचा गठ्ठा होता: "खेळाडू मूल आधी मूल आहे". मावशीनं मला पाठवलं होतं ते मात्र पत्रकांसाठी नाही. सर आणि पोरगी दोघंच, सोबत एकही बाई नव्हती, म्हणून. निघताना तिनं बजावलं होतं, "तू फक्त सोबत जाय. भाषण देऊ नको. सर चांगले हायेत. पोट्टीचं नशीब निघून राहिलं."

नशीब असं की, अकोल्याच्या बाजूला, बार्शीटाकळीच्या पुढच्या एका गावात तिथल्या मंडळाच्या चषकाच्या कुस्त्या होत्या. गटात जी पहिली येईल तिला अमरावतीच्या निवासी प्रशिक्षणात जागा. राहणं, खाणं, दूध, कुस्तीची गादी सगळं तिथलं. मावसबहिणीनं तिथली गादी एकदा बघितली होती. लाल-निळी, फाटकी नसलेली. त्यानंतर ती दुसऱ्या कशाबद्दल बोलतच नव्हती.

मी पोह्यांकडं बघत सरांना म्हटलं, "सर, लेकरू आहे ते."

"ताई, लेकरू अर्धा किलोच हाये. बाकी खेळाडू हाये."

"म्हणजे?"

"तेवढा अर्धा किलो काढून टाकला का झालं."

त्यांना यात विनोद दिसत नव्हता. दिसला असता तर मला ते जरा बरे वाटले असते. मी कायदा सांगितला. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्यानं मुलाला विनाकारण त्रास होईल असं वागवलं तर बाल न्याय कायद्यात तो गुन्हा आहे. आईबापांनी हो म्हटलं तरी गुन्हाच आहे. सरांनी शांतपणे ऐकलं, लिंबू पिळलं आणि म्हणाले, "बरोबर हाये. पण हे विनाकारण कुठी हाये? कारण हाये नं. बेचाळीस."

मावसबहीण ग्लासात थुंकून म्हणाली, "ताई, गप बस नं वं. बोललं का मले तहान लागते."

अकोल्याहून काळी-पिवळीनं गावात पोचलो. मैदान मोठं होतं आणि लांबट होतं. कुस्तीच्या मैदानाला इतकी लांबी कशाला, असं वाटत असतानाच व्यासपीठामागची भलीमोठी फ्लेक्स दिसली. पंधरवड्यापूर्वी याच मंडळानं याच मैदानावर शंकरपट भरवला होता. बैलजोड्यांच्या शर्यतीला आमच्याकडं पट म्हणतात. फ्लेक्स पटाची. मागून ऊन येतं म्हणून ती तशीच ठेवली होती. तिच्यावर लाल अक्षरांत नियम होते. जनावराला उपाशी-तहानलेलं ठेवू नये. जनावराला सावली व पिण्याचं पाणी मिळालंच पाहिजे. मारहाण, टोचणी, पिरगाळणी करू नये. पशुवैद्यकानं तपासल्याशिवाय कोणतंही जनावर सोडू नये. नियम मोडल्यास शर्यत बंद.

त्या फ्लेक्सच्या खाली, उन्हात, रेनकोट घातलेल्या पोरी रांगेनं बसून थुंकत होत्या.

आमचीच पोरगी नव्हे, सगळ्यांच्याच. अकोल्याच्या, मूर्तिजापूरच्या, वाशीमकडच्या. प्रत्येक सरांकडं एकच शास्त्र होतं, फक्त चिंचेच्या ऐवजी कुणाकडं आवळा. माझी मावसबहीण मूर्तिजापूरच्या एका दणकट पोरीशेजारी बसली आणि दोघींची लगेच मैत्री झाली. खुणांनी. बोललं की तहान लागते, हे तिलाही शिकवलेलं होतं.

मी पत्रकं काढली. एका सरांनी अर्धा गठ्ठाच मागून घेतला. मला क्षणभर बरं वाटलं. "द्या ताई, भल्ले कामी येतील." थोड्या वेळानं बघते तर माझ्या पत्रकांचे कोन वळून पोरींना दिलेले. प्लास्टिकचे ग्लास संपले होते. "मुलांना पाणी हा उपकार नव्हे, हक्क आहे" या ओळीवर एक पोरगी अगदी नेम धरून थुंकली. कागद चांगला निघाला. गळला नाही.

वजन सकाळी व्हायचं होतं. झालं नाही, कारण आधी प्रमुख पाहुण्यांचं वजन व्हायचं होतं.

मंडळाच्या सचिवांनी हे मला समजावून सांगितलं. पांढरा सदरा, छातीवर बिल्ला, घाईत असलेला भला माणूस. "ताई, भाऊंची संत्रातुला हाये. तेवढी झाली का मंग पोरीईचं वजन."

व्यासपीठासमोर भला मोठा तराजू टांगला होता. साखळ्यांना झेंडूची फुलं. एका पारड्यात गादी, दुसरं संत्र्यांसाठी. पाहुणे येईपर्यंत ऊन डोक्यावर आलं. मग ते आले, हार झाले, नारळ झाला, आणि ते पारड्यात मांडी घालून बसले. पोरं टोपल्या रिकाम्या करू लागली. माइकवर पटाचाच निवेदक होता. दरवर्षीचा माणूस, आवाज घोड्याला थांबवेल असा. तो ओरडला, "टाका बाप्पा, टाका! भाऊंचं वजन तालुक्यात आहे, जिल्ह्यात आहे, आज काट्यावरही दिसू द्या!"

टोपल्या संपल्या. पारडं हललं नाही. पाहुणे जमिनीला टेकलेलेच. सचिवांनी गावात माणूस पिटाळला, तो आणखी संत्री घेऊन येईपर्यंत सगळी सभा पाहुण्यांकडं कौतुकानं बघत बसली. एवढं वजन! टाळ्या. पलीकडं रेनकोटातल्या पोरी अर्ध्या अर्ध्या किलोसाठी सुकत होत्या, आणि इथं एक माणूस जागचा हलत नाही म्हणून त्याचा सत्कार चालला होता.

शेवटी पारडं उचललं. निवेदक म्हणाला, "ही सगळी संत्री भाऊंच्या वतीनं आपल्या बालखेळाडूंना!" आणि स्वयंसेवक टोपल्या घेऊन पोरींकडं निघाले.

सगळे सर एकदम उभे राहिले. "नाई! नाई! हात लावू नका!"

प्रत्येक पोरीच्या हातात एक एक संत्रं आलं होतं. मावसबहिणीनं तिचं दोन्ही हातांत धरलं आणि नाकाशी नेलं. वास घेताना तिनं डोळे मिटले. सर धावत आले. "वास बी नको घेऊ. तोंडाले पाणी सुटते."

"सर, पाणी सुटलं तर थुंकते नं."

शास्त्रात याचं उत्तर नव्हतं.

तिकडं पाहुण्यांचा चेहरा उतरला. "काहून? माह्या वजनाची संत्री पोरीईले चालत नाईत काय?"

"तसं नाई भाऊ, वजन बाकी हाये."

"आता तं झालं माहं वजन!"

"पोरीईचं, भाऊ."

फोटोवाला खोळंबला होता. सचिवांनी मधला मार्ग काढला. पोरींनी सोललेलं संत्रं ओठाला लावायचं, हसायचं, पण चावायचं नाही. सोळा-सतरा पोरी ओठाला फोड लावून हसल्या. तो फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात आला. मी त्यात कोपऱ्यात आहे, तोंड उघडं. मी तेव्हा ओरडत होते.

फोटोत दिसत नाही ते असं: मावसबहीण हसता हसता बसली. पडली नाही, बसली. हळू, जणू खुर्ची आहे. खुर्ची नव्हती. हातातलं संत्रं घरंगळत गेलं. मूर्तिजापूरच्या पोरीनं तिला बगलेत हात घालून धरलं.

मी पाण्याची बाटली काढली. तिनं तोंड फिरवलं.

"पी."

"नाई."

"चक्कर आली तुला."

"बसली मी. दिसत नाई काय?" तिचे ओठ पांढरे पडले होते. "पाणी पेलं का बेचाळीसच्या वर जाईन. मंग गादी गेली. तू काहून मधात पडतं?"

मग मी व्यासपीठाकडं गेले आणि भाषण दिलं. मावशीला दिलेला शब्द तिथंच संपला. कायदा, कलम, मुलाचा जीव, सगळं. माइक नव्हता पण माझा आवाज पटाच्या निवेदकाच्या बराच जवळ जातो. लोकांनी शांतपणे ऐकलं. आमच्याकडं भाषण सगळे ऐकतात, सवय आहे. संपल्यावर थोड्या टाळ्याही पडल्या. सचिव पुढं आले आणि म्हणाले, "ताई, रास्त हाये तुमचं. निवेदन द्या. भाऊंच्या हस्ते स्वीकारतो. फोटोवाला हायेच."

"मला निवेदन नाही द्यायचं. पोरींना पाणी द्यायचंय."

"हाव, पण त्याले काही पद्धत असते नं."

"डॉक्टर आहे का इथं?"

"हाये ना! डॉक्टर सांगतलेच हायेत आमी." सचिवांना आपल्या व्यवस्थेचा अभिमान वाटला. त्यांनी निवेदकाला खूण केली. निवेदक गरजला, "डॉक्टरसाहेब, जिथं असतील तिथून मैदानात!"

मंडपामागून एक वयस्क गृहस्थ आले. हातात चामड्याची पेटी, पायात गमबूट. ते येताना गावातले लोक जे बोलले त्यावरून मला कळलं. मी सचिवांकडं वळले.

"हे ढोर डॉक्टर आहेत?"

"डॉक्टरच हायेत."

"जनावरांचे!"

मग हळूहळू सगळा उलगडा झाला. मंडळ कार्यक्रम एकाच पद्धतीनं करतं. मंडपवाला, भोंगेवाला, निवेदक, चहावाला, डॉक्टर. पटाला जे सांगतात तेच लोक कुस्तीला, तेच गणपतीला. कार्यकर्त्याला "दरवर्षीच्या लोकाईले फोन कर" म्हटलं होतं. त्यानं केला. डॉक्टरांनाही वाटलं होतं बैल असतील. सकाळी येऊन त्यांनी विचारलं तेव्हा कुणीतरी म्हणालं, बसा, चहा घ्या. ते बसले होते.

"मी माणसाईचा नाई," ते मला म्हणाले. "मले अधिकार नाई."

"मला माहीत आहे. पण बघा तरी."

ते मावसबहिणीजवळ बसले. तिच्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी लगेच परत बसली नाही, उभी राहिली, तंबूसारखी. त्यांनी तिचा ओठ वर करून हिरडी पाहिली, अगदी गोऱ्ह्याची पाहावी तशी, आणि ती पोरगी, जी मला हात लावू देत नव्हती, तिनं निमूट पाहू दिली.

"कवापासून पाणी नाई?"

"कालच्या दुपारपासून."

डॉक्टर उठले. त्यांनी रांगेतल्या आणखी चार-पाच पोरींच्या हाताची कातडी ओढून पाहिली. मग सचिवांना म्हणाले, "अशी जोडी मी सोडत नाई."

मैदानात एकदम शांतता झाली.

माझ्या भाषणानं असं काही झालं नव्हतं, हे इथं नमूद करते. पण त्या एका वाक्याचं वजन त्या गावात काय आहे ते समजून घ्या. कोर्टानं पट बरीच वर्षं बंद ठेवला होता. लोकांचे बैल दावणीला बसून राहिले, म्हातारे झाले. पट परत सुरू झाला तो या अटीवर, की ढोर डॉक्टर नाही म्हणाला तर जोडी सुटणार नाही, आणि सोडली तर पुन्हा सगळं बंद. त्या गावात पोलिसाला कुणी भीत नाही. तहसीलदाराला चहा पाजतात. ढोर डॉक्टर 'नाही' म्हणाला की मात्र पायाखालची जमीन सरकते.

सरांनी प्रयत्न केला. "पण साहेब, तुमी ढोराचे. हे नियम बैलाचे."

डॉक्टरांनी फ्लेक्सकडं बोट केलं. "मंग पोरीईचे नियम कुठी लावले तुमी? दाखवा. मी वाचतो."

दाखवण्यासारखं होतं ते माझ्या पत्रकात होतं, आणि त्याचे कोन झाले होते.

"नियमात काय हाये?" सचिव निवेदकाला म्हणाले. निवेदकानं फ्लेक्स वाचायला सुरुवात केली, सवयीनं, पूर्ण आवाजात, "जनावराला सावली व पिण्याचं पाणी..." आणि स्वयंसेवक पळाले. पटाची पद्धत त्यांच्या अंगात होती. क्षणात रांजण आले, गुळाचे खडे आले, पोरींना मंडपाखाली नेलं, रेनकोट उतरवले. एक जण सवयीनं ओला टॉवेल घेऊन एका पोरीची पाठ पुसायला निघाला, त्याला मी थांबवलं. सगळंच बैलाचं नको.

पण माझी मावसबहीण प्यायला तयार नव्हती. ग्लास समोर, आणि ती सरांकडं बघत होती. तिथं मला कळलं की फ्लेक्स कितीही मोठी असली तरी हे असं असतं. सर काय म्हणतात.

सर म्हणाले, "पेशील तर बेचाळीस गेलं."

तेव्हा मूर्तिजापूरच्या पोरीनं ग्लास उचलला आणि एका दमात संपवला. दुसरा घेतला. माझ्या मावसबहिणीनं तिच्याकडं बघितलं. तीही बेचाळीसच्याच गटातली होती, म्हणजे तिचंही बेचाळीस गेलं. मग बहिणीनं ग्लास उचलला. मग शेजारच्या पोरीनं. मग सगळी रांग. मध्येच थांबून माझ्या बहिणीनं गालातली चिंच काढली, तिच्याकडं जरा बघितलं आणि सरांच्या हातात दिली. सरांनी घेतली. दुसरं काय करणार?

नंतर वजन झालं आणि त्या दिवसातला सगळ्यात मोठा तमाशा झाला. बेचाळीसच्या गटातली एकही पोरगी बेचाळीसात बसेना. सगळ्या सारख्याच वाळवल्या होत्या, सगळ्या सारख्याच भरल्या. एकोणचाळीसच्या पोरी बेचाळीसात आल्या, बेचाळीसच्या सेहेचाळीसात. ज्या ज्यांच्याशी लढणार होत्या, त्या त्यांच्याशीच लढणार होत्या. गट तेच, पोरी त्याच, फक्त पाटीवरचा आकडा बदलला. सगळे सर त्या पाट्यांकडं बघत उभे राहिले. एक जण म्हणाला, "मंग आपण कालपासून काय करून राहिलो?" सचिवांनी खडू मागवला.

माझी मावसबहीण अंतिम कुस्तीपर्यंत गेली. समोर मूर्तिजापूरची तीच. निवेदकानं "जोडी सुटली बाप्पा!" म्हटलं, त्याला बिचाऱ्याला दुसरं येतच नव्हतं. माझी बहीण गुणांवर हरली. थोडक्यात, पण हरली. जागा एकीलाच होती.

परतीच्या गाडीत सर म्हणाले, "पाणी पेली म्हणून हारली."

मी उत्तर देणार होते, चांगलं पत्रकभर. त्याआधी ती म्हणाली, "नाई सर. तिची पकडच भल्ली होती. पाण्याचा काय संबंध?" मग खिडकीकडं तोंड करून बराच वेळ रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तिनं झटकला. ती गादी तिला खरंच हवी होती, आणि ती गेली, आणि ती मी घालवली असं तिला त्या वेळी वाटत होतं. ते तिच्यापुरतं बरोबरही असेल.

मी पुढच्या आठवड्यात अमरावतीच्या एका कार्यालयात लेखी तक्रार दिली. सोबत ढोर डॉक्टरांचं म्हणणं लिहून, त्यांच्या सहीनं. टेबलाच्या मागच्या साहेबांनी सही पाहिली, पदनाम पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, हे पशुसंवर्धनचं आहे. तिकडं द्या." तिकडं दिलं. ते म्हणाले, यात जनावर कोण? तो कागद अजून दोन कार्यालयांच्या मध्ये कुठंतरी फिरतोय आणि मी त्याच्या मागं फिरतेय. मला थकवायचं असेल त्यांनी जरूर प्रयत्न करावा. खेळणाऱ्या पोरीला तहानलेलं ठेवता येणार नाही, हे बैलाच्या फ्लेक्सइतक्या मोठ्या लाल अक्षरांत प्रत्येक मैदानावर लागेपर्यंत मी थांबणार नाही.

पावसाळ्यानंतर पुन्हा एक स्पर्धा आली. मावशीनं सोबत जायला बोलावलं, पण आवाजात उत्साह नव्हता. मी वलगावला गेले तेव्हा अंगणात सर उभे होते आणि ओट्यावर तोच रेनकोट पडला होता.

मावसबहीण मेथीच्या जुड्या बांधत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "सर, तिथी डॉक्टर कोणता हाये? माणसाईचा का ढोराचा?"

सर म्हणाले, "काहून?"

"ढोराचा असन तं रेनकोट घरीच ठेवते."

सरांनी माझ्याकडं बघितलं. मावशीही माझ्याकडंच बघत होती, भाषण येतंय का म्हणून. मग त्यांनी रेनकोट उचलला, घडी घातली आणि मावशीच्या हातात दिला. "पाऊस तं गेला आता," ते म्हणाले. "वरच्याच गटात खेळवू."

ती उठली, रांजणातून तांब्याभर पाणी घेतलं आणि सरांच्या समोर उभी राहून, त्यांच्याकडं बघत, सगळं प्यायली. मग मला म्हणाली, "अन् ताई, तू ये. पण भाषण नको देऊ. येताना त्या ढोर डॉक्टरले घेऊन ये."